खडूने आखलेलं घर

कॉव्हेंट्रीकर मंडळी, आज लायब्ररीच्या हॉलमध्ये जे झालं, ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमच्या शेजारच्या ग्रेस, रिटायर्ड नर्स, मूळच्या केपटाउनच्या. त्यांची अख्खी वस्ती वर्णभेदाच्या काळात सरकारने बुलडोझर घालून पाडली. आज ती त्यांनी हॉलच्या फरशीवर खडूने आखली आणि आम्हाला फिरवून दाखवली. ही शाळा, हा शिंपी, हा सगळ्यांचा नळ. इतक्या वर्षांनी गल्ली न गल्ली पाठ!

शेवटी एका चौकोनापाशी थांबून म्हणाल्या, "हे आमचं घर. या ना आत."

मी सवयीने दारातच शूज काढले. लेक कुजबुजली, "आई, इट्स जस्ट चॉक!" मी ओशाळलेच.

ग्रेस मात्र माझ्या शूजकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "घर रिकामं करायला पोलीस आले, तेव्हा आईच्या अंथरुणावरून बूट घालून चालत गेले होते."

लेकीने गुपचूप शूज काढले. मग सगळ्यांनीच.

पाच वाजता हॉल साफ करून परत द्यायचा होता. मॉप माझ्याच हातात होता. सांगा, तुम्ही पुसलं असतंत ते घर?