उद्यामास्तर

गल्लीत त्यांना सगळे उद्यामास्तर म्हणत, आणि तेही तोंडावर. मास्तर शिंपी. आता "उद्या या" म्हणणार नाही तो शिंपी कसला? पण इतर शिंप्यांचा उद्या आठवड्याभरात तरी उजाडतो हो! मास्तरांचा उजाडतच नसे. दिवस कलला की दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं, कात्री बाजूला आणि बाटली पुढे. घरीही तीच रड. "उद्यापासून बंद" हे वाक्य बायकोनं बावीस वर्षं ऐकलं होतं. आधी ती भांडायची, मग रडायची, आणि शेवटी तिनं दोन्ही सोडून दिलं.

त्यांची एकुलती एक लेक कायदा शिकली. वकिलीची शपथ ठरली तसं ती काळं कापड घेऊन दुकानात आली.

"बाबा, माझा कोट तुम्हीच शिवायचा."

"शिवतो की! उद्या माप घेतो."

तिनं कापडाची घडी पुन्हा घातली. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती अगदी शांतपणे म्हणाली, "शपथ दहा आठवड्यांनी, गुरुवारी, नऊ तारखेला. त्याआधीच्या सोमवारी, सहा तारखेला कोट हातात नसेल तर मी तयार घेईन. कापड ठेवून जाते."

ती गेल्यावर मास्तरांनी रद्दीच्या कागदावर खडूनं एक सरळ रेघ मारून पाहिली. हात असा कापत होता की पट्टी एकीकडे आणि रेघ भलतीकडे! तीस वर्षं मुरलेला कारागीर, आणि साधी रेघ येईना. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा आठवडे हातात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या पायांनी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात जाऊन उभे राहिले.

पहिले पंधरा दिवस काय हाल झाले ते विचारू नका. औषधं होती, डॉक्टर होते, तरी अंगातून जीव काढून घेतल्यासारखं व्हायचं. हात थोडे स्थिरावले तेव्हा तिथे एक मॅडम भेटल्या. शिकल्या अर्थशास्त्र, आणि नाद लागला मेंदूचा! कळत असूनही माणूस स्वतःच्या तोट्याचं का निवडतो, हा त्यांचा अभ्यास. त्यासाठी त्या माणसाला मेंदूचे फोटो काढणाऱ्या, मोठ्या चुंबकाच्या मशीनमध्ये झोपवत आणि प्रश्न विचारत.

मास्तर तयार झाले. आत जाताना अंगावर धातू नको, असं तिथल्या माणसानं दोनदा बजावलं. "काही नाही हो," मास्तर म्हणाले. तपासलं तर कॉलरच्या आत तीन टाचण्या, बाहीत एक सुई आणि खिशात बोटात घालायचं अंगुस्तान! "अहो मास्तर, मशीननं तुम्हालाच शिवलं असतं!" तो माणूस डोक्याला हात लावून म्हणाला.

आत पडद्यावर प्रश्न येत. आज कॅन्टीनची दोन कुपनं, की तीस दिवसांनी पाच? आजसाठी डावं बटण, नंतरसाठी उजवं. मास्तरांचं बोट डावीकडून हललंच नाही.

मॅडमनी नंतर फोटो दाखवले. "आत्ता मिळणारं दिसलं की इथे बघा कशी धावपळ उडते. पुढचं दिसलं की सगळं गप्प. पुढची गोष्ट मेंदूला फार स्वस्त वाटते."

"म्हणजे आम्ही बिनडोक?"

"तसं नाही हो मास्तर."

"मग मी एक बोलू? तुमचं माप चुकलंय." मास्तरांचा आवाज चढला. कापडावरून कुणाशी वाद घालताना चढायचा तसाच. "तीस दिवसांनी म्हणजे काय? हा तर शिंप्याचा उद्या झाला! तो खरा नसतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? माझ्या दुकानात ज्या कापडाच्या चिठ्ठीवर नुसतं 'उद्या' आहे, ते कापड धूळ खात पडतं. पण 'मंगळवार, मुलाची मुलाखत' असं लिहिलेलं कापड मी पिऊनसुद्धा कधी चुकवलेलं नाही. तारीख लिहा, वार लिहा, त्या दिवशी त्या माणसाच्या घरात काय आहे ते लिहा. मग विचारा!"

असं काहीसं मॅडमनी पुस्तकांत वाचलं होतं. पण गिऱ्हाइकाला समोर उभं न करताच आपण प्रश्न बेतले, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांनी वही उघडली आणि वॉर्डातल्या एकेकाशी बसून बोलायला लागल्या.

तीन आठवड्यांनी मास्तर पुन्हा मशीनमध्ये गेले, या वेळी टाचण्या स्वतःहून काढून. पडद्यावर आलं: आज दोन कुपनं, की नऊ तारीख, गुरुवार, लेकीची शपथ, पाच कुपनं? मास्तरांच्या डोळ्यांसमोर काळा कोट घातलेली पोर उभी राहिली. बोट डावीकडे गेलं, थबकलं, आणि उजवं बटण असं दाबलं की तुटायचंच बाकी होतं. वॉर्डातल्या सगळ्यांचं काही असं झालं नाही, पण बऱ्याच जणांची बोटं उजवीकडे वळली. मॅडम तर काचेपलीकडे चक्क टाळ्या वाजवत होत्या.

तरी खरी परीक्षा रस्त्यावर होती. वॉर्डातून घरी येऊन मास्तर कोटाला लागले होते; तीन तारखेला पिण्यातल्या जुन्या सोबत्यानं दंड धरला. "आजचा दिवस चल रे, उद्यापासून सोड."

मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला बोला? पण ते हसले. "उद्याचा धंदा मी बंद केला, बाबा. सहा तारखेला कोट द्यायचाय, आणि बाह्या लावायच्या राहिल्यात."

सोमवारी सहा तारखेला कोट लेकीच्या हातात होता. खांदे असे बसले होते की नजर लागावी.

शपथेनंतर लेकीची एक मैत्रीण कोटाला हात लावत पुढे आली. "काका, असाच मला शिवून द्या ना! कधी मिळेल?"

लेकीचं हसू थांबलं. बायकोनं पदर मुठीत घट्ट धरला.

मास्तरांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि लिहिलं. रेघ सरळ, अक्षर ठाशीव. "वीस तारीख, सोमवार, दुपारी चार."

बायकोनं ती चिठ्ठी हातात घेऊन दोनदा वाचली, आणि कित्येक वर्षांनी ती पुन्हा रडली, सगळ्यांदेखत, आनंदानं.

मैत्रिणीचा कोट वीस तारखेला पावणेचारलाच तयार होता.