बसवून देणारं कोणी नव्हतं

आधी दीदीचं सांगते, बाकीचं मग. रायपूरच्या शंकर नगरात विमानाची, रेल्वेची तिकिटं काढून देणारं एक छोटं ऑफिस आहे, तिथे ती बसते. ती नसती तर मी वेळेवर माझ्या पोरीपर्यंत पोचले नसते.

पोरगी बार्सिलोनाला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. तिच्या पोटात गाठ निघाली, ऑपरेशन ठरलं. ती लहानपणापासून माझ्याशी हिंदीतच बोलते. फोनवर म्हणाली, "आई, तू बस आ जा. तुझे देखकर ही अंदर जाऊँगी."

विमान मिळालं ते माद्रिदपर्यंतचं. पुढे तीनेक तासांची रेल्वे. विमानाची भीती मला वाटली नाही, कारण एकदा आत बसलं की मधे कुठे उतरायचं नसतं. झोप उडाली ती त्या रेल्वेपायी.

मी जन्मात एकटी गाडीत चढले नव्हते. शाळा सातवीतच सुटली. लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा शहर नवंनवं राजधानी झालं होतं. माहेराहून परतताना बाबा धामणगावच्या स्टेशनावर डब्यात शिरायचे, माझी पिशवी सीटखाली सरकवायचे आणि समोरच्या बाईला सांगायचे, "पोट्टीले रायपूरले उतरवून द्या, बाई." ती बाई मग वाटभर माझ्यावर डोळा ठेवायची. आमच्याकडे बाईमाणसाला असंच बसवून देतात. बाबा गेले, मग भाऊ बसवून देऊ लागला.

म्हणून माद्रिदचंही मी तसंच ठरवलं होतं. पोरीच्या ओळखीचा भिलाईचा एक पोरगा तिथे आहे. तो विमानतळावर येईल, मला गाडीत बसवून देईल, शेजारच्याला सांगेल. माझे मालक भनपुरीच्या ट्रक अड्ड्यावरून ट्रक चालवतात. ते म्हणाले, "झालं न मंग! काहून घाबरून राहिली?"

ऑफिसात दीदीने ऐकून घेतलं आणि नाही म्हणून मान हलवली. "आंटी, वो लड़का गेट तक ही आएगा. सामान मशीन में डालो, टिकट दिखाओ, आगे अकेले. और गाड़ी छूटने से पहले ही गेट बंद."

"प्लॅटफॉर्म तिकीट काढून घेईन न तो."

"वहाँ छोड़ने वाले को अंदर जाने ही नहीं देते."

ही गाडी चुकली तर पोरगी मला न बघताच आत जाणार. दीदीने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. म्हणाली, तिची आईही अशीच. अंबिकापूरहून एकटी गाडीत बसत नाही, म्हणून लेकीचं घर तिने अजून पाहिलेलं नाही.

मग तिने हुकूम सोडला, "कल दुर्ग जाकर आइए. अकेली. अंकल स्टेशन भी न आएँ."

गेले. रायपूरहून दुर्ग तासाभराचंच. गाडीत चढताच टोपलीवाल्या बाईजवळ बसले आणि तोंडातून निघूनच गेलं, "मले दुर्गले उतरवून देजा, बाई." तिने "हव" म्हटलं आणि खरंच हात धरून उतरवलं.

परत आले तशी दीदी म्हणाली, "सच बताइए, किसको सौंपा अपने आप को?"

मला हसू आलं, रडूही आलं.

"कल फिर जाइए. इस बार किसी से कुछ नहीं पूछना है."

दुसऱ्या खेपेला कोणाला काही विचारलं नाही. डबा आपला आपण शोधला. भिलाई मागे पडलं तसा पदराचा पिळा सैल केला, आणि दुर्गला माझी मी उतरले.

माद्रिदला तो पोरगा स्टेशनातल्या गेटपाशी थांबला. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय उचलला नसता. तिकिटावरचा डबा, मग सीट. शेजारच्या बाईकडे बघून हसले, पण तिच्या हवाली काही झाले नाही.

पोरीला आत नेलं तेव्हा तिचा हात दारापर्यंत माझ्या हातात होता. आता ती बरी आहे, जेवते, माझ्यावर चिडतेसुद्धा. मी अजून तिच्याजवळच आहे.

दीदी, परत आले की एक दिवस मी अंबिकापूरला जाईन. तुमच्या आईले कोणाच्या भरवशावर बसवून देणार नाही. तिच्या संग बसून तिले तुमच्या दारापर्यंत आणीन.