बठ्ठं म्हणजे कितलं?

धुळ्यात आमची आणि तोताराम चिताऱ्यांची भिंत एकच होती. मी लग्न होऊन आले, त्याच आठवड्यात पलीकडून त्यांच्या बायकोचा, सुंदरअक्कांचा, आवाज आला.

"पारोळावाला काय काढाले सांगतस?"

"बठ्ठं काढ म्हनतस."

"बठ्ठं म्हंजे कितलं? भिंत शे का बजार शे?"

"लगीनघर शे. मी काय इचारू?"

"तोंड शे ना? मंग इचारा!"

पाठोपाठ पातेलं आपटलं. ‘बठ्ठं’ म्हणजे सगळं, एवढं कळलं आणि मला हसू फुटलं, सासूबाईंनी डोळे वटारले. पण अक्कांचं काय चुकलं, सांगा.

तोताराम आबा लग्नघरांच्या भिंती चितारायचे. दारावर गणपती, दोन्हीकडे हत्ती, भालदार. हत्ती आता सोंड हलवेल असं वाटे. पण कुणाला नाही म्हणायचं तर जीभ टाळ्याला चिकटे. पारोळ्याला तीन दिवसांसाठी गेले. गणपती झाला, हत्ती झाले. तिथली आजी म्हणाली, तुळस राहिली. काका म्हणाला, आगगाडी हवी. आगगाडी काढली तर मामा म्हणाला, डबे कमी आहेत. या माणसाने डबे वाढवले! आठ दिवस तिथेच. इकडे आमच्या गल्लीतल्या भटूभाऊंनाही शब्द दिलेला; त्यांच्या दारात वऱ्हाड आलं, तेव्हा भिंत पांढरीफटक. बिचाऱ्या लेकीचं लग्न कोऱ्या भिंतीपुढे लागलं. मग बोभाटा झालाच, तोतारामच्या शब्दाचं काही खरं नाही. त्या हंगामात गावातून एकही बोलावणं नाही. आबा ओट्यावर बसून राहत. अजून एक हंगाम असा गेला असता तर कुंचले ठेवून सूतगिरणीत जावं लागलं असतं.

अखेर साक्रीच्या कमलबाईंचं बोलावणं आलं. त्यांच्या कानावर काही गेलं नव्हतं, एवढंच. या वेळी अक्का स्वतः बरोबर निघाल्या. रंग उघडूच दिला नाही. आबांनी आधी कोळशाने सगळं आखलं. मग अक्कांनी घरातली झाडून सगळी माणसं भिंतीपुढे उभी केली, एकेक चित्र दाखवलं. "एवढंच निघेल. कबूल असेल त्यावर हळदीचं बोट लावा."

कमलबाईंनी सगळ्यांवर बोटं लावली, आणि तिसऱ्या दिवशी आल्याच. "आबा, एक पोपट तेवढा. पोपटाचं ते काय!"

आबांचा हात कोपऱ्याकडे वळलासुद्धा. अक्कांनी रंग खलायचा थांबवला. आबांनी कुंचला मागे घेतला.

"पोपट... पुढल्या लग्नाले, बाई."

"मले पुढली लेकच नही!"

"मंग नातना लग्नाले."

कमलबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. भिंत मात्र हळदीच्या आदल्या दिवशी तयार.

ती बातमी धुळ्याला पोचायला दोन वर्षं लागली; तोवर साक्रीकडच्याच भिंतींवर घर चाललं. वाईट बातमी एका सकाळीत पोचली होती! भटूभाऊंची धाकटी उजवायची होती. ते आमच्या देखत ओट्यावर येऊन म्हणाले, "तोताराम, यंदा बठ्ठं..."

"बठ्ठं मले येत नही, भाऊ. एकेक नाव सांगा."

भटूभाऊ चिडले, मग बसले, मग बोटांवर मोजू लागले. ती भिंत दिलेल्या दिवशी झाली, आणि पुढे आबांना घरी बसायला फुरसत मिळाली नाही.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात आबा एका रात्री झोपेतच गेले. त्याच दिवशी दुपारी ते झिपरू तेल्याच्या घरी भिंत बघायला गेले होते. हाताने चाचपली, चुना ओला लागला. "परवा येतो, त्याआधी नाही," असं घरच्यांना सांगितलं, दाराची उंची काठीने मापली, आणि येताना बाजारातून रंगात घालायला पावशेर डिंक आणला.