विहीणबाईंची आरामथेरपी

आमच्या विहीणबाई दारात यायच्या आधी त्यांचा वास यायचा. लिंबाच्या सालीत नख रुतवलं की येतो ना, तसा. माझ्या लेकीच्या सासूबाई ह्या, राहू गावच्या. आमच्या गावी, निमोण्याला आल्या की नातवंडं आधी त्यांची पिशवी उपसायची, पण लिंबू काही सापडायचं नाही. वास होता तो बटव्यातल्या करंगळीएवढ्या बाटलीचा.

बचत गटाच्या शिबिरात त्या लिंबाच्या तेलाची अरोमाथेरपी शिकून आल्या होत्या. मी ऐकलं, आरामथेरपी. म्हटलं, आराम करायला शिबिर कशाला लागतं? पण मालक गेल्यापासून माझाच डोळ्याला डोळा लागत नव्हता. ते त्यांनी माझ्या तोंडावरूनच ओळखलं. बाटली हातात ठेवून म्हणाल्या, "दोनच थेंब. रुमालावर. वास घ्यायचा, बास." सल्लासुद्धा त्या दोन थेंबच द्यायच्या; घागरभर बोलणारी मी.

आता तेल म्हटल्यावर आमचा हात दोन थेंबांवर थांबतोय होय? तेल म्हणजे टाळूवर थापायचं, मानेवर ओघळलं पाहिजे. त्या गेल्यावर मी निम्मी बाटली डोक्यावर जिरवली आणि अंगणात उन्हाला बसले. मिरचीचं वाटण फासावं तशी मान पेटली. शेजारच्या शांताबाईनं बाटली हुंगली आणि कपाळाला हात लावला. "इहिणीनं लिंबू दिलं, आन् तू डोक्यावर घेतलंस व्हय गं?"

झालं. एवढी जाणती मी, बाटली फडक्यात गुंडाळून तिठ्यावर टाकायला निघाले. तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं, करणीच्या संशयासकट. तिचा फोन स्पीकरवर होता, हे मागाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून विहीणबाई हजर. आता सोयरीक तुटते, म्हणून मी चुलीआड तोंड लपवलेलं. त्यांनी माझी मान साबणानं धुतली, खोबरेल लावलं आणि म्हणाल्या, "करणीच करायची, तर एवढं म्हागाचं तेल कशाला घालवीन? साधं लिंबू पुरलं असतं की."

मला हसू आलं, आणि त्यातच रडू फुटलं. मग त्यांनी विचारलं, "जागता कुणासाठी?"

खरं ते सांगितलं. शेतपंपाची लाइट रात्रीची यायची, तेव्हा मालक उसाला पाणी द्यायला जायचे, कधीही परतायचे. कडी वाजली की मी उघडायची. "कडी वाजली आन् मी झोपलेली असले तर?"

त्यांनी रुमालावर दोन थेंब टाकून तो उशाशी ठेवला आणि दाराशी पाट घेऊन बसल्या. "कडी वाजली तर म्या उघडीन. झोपा तुम्ही."

भर दुपारी मी अशी झोपले, की दिवेलागणीला त्यांनीच चहा करून उठवलं. "कुणी आलं न्हाई," एवढंच म्हणाल्या.

गेल्या वर्षी विहीणबाई गेल्या. बाटली आता लेक पाठवते. मी दोनच थेंब टाकते, शिकले एकदाची. त्यांचा पाटही दाराशी ठेवते. सून कुरकुरते, येता-जाता ठेच लागते, आणि आत्या, तुम्ही तर अशा घोरता, की कडी वाजली तरी ऐकू यायची नाही.

म्हटलं, मला कशाला ऐकू यायला पाहिजे?