पाठीत राहिलेला गॉज

ऑपरेशनच्या शेवटी, टाके घालण्याआधी डॉक्टर विचारतात, "काउंट?" आत वापरलेले गॉजचे तुकडे मोजून नर्सने उत्तर द्यायचं असतं. रत्नागिरीतल्या एका लहान खासगी रुग्णालयात मी चौदा वर्षं ते उत्तर देत होते. त्या दिवशीही म्हटलं, "बरोबर आहे, सर."

बाई हेदवीकडच्या होत्या, चाळिशीच्या. मणक्यातली गादी सरकली होती. भातलावणीला वाकलं की पायात कळ जायची, म्हणून ऑपरेशनला आलेल्या. नवरा मुंबईत नोकरीला, घरी सासू.

दीड महिन्याने त्या परत आल्या. "सिस्टर, आत कायतरी आहे हो. कूस बदलली की टोचतं."

मी पाठीवरून हात फिरवला. "वहिनी, मणक्याचं दुखणं आहे. वेळ लागतो."

त्यानंतर आणखी दोनदा आल्या. शेवटच्या खेपेला वर्ष होत आलं होतं. जखमेतून पाणी येत होतं आणि चालताना डावं पाऊल जमिनीवर घासत होतं. एमआरआयमध्ये गाठ दिसली.

पाठ पुन्हा उघडली तेव्हा मीच हजर होते. डॉक्टरांनी चिमट्याने कापडाचा पिवळट बोळा काढून ट्रेमध्ये ठेवला. तिथे उभ्याउभ्याच मला आठवलं. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी एक गॉज मधोमध कापला होता. दोन्ही अर्धे बाहेर आले आणि मी ते दोन म्हणून मोजले. एक अख्खा आतच राहिला.

बाईंना सांगितलं गेलं, "पू झाला होता." मी दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना बोलले, "वहिनी, आत गॉज राहिला होता. मोजणारी मी होते. मी चुकले."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग विचारलं, "म्हणजे होतं ना आत?"

"होतं."

"मग ह्यांना सांगा. माझ्यासमोर सांगा. वर्षभर घरात सगळे म्हणतात, हिला काम नको म्हणून ही सोंगं."

ऑपरेशनसाठी मुंबईहून आलेला नवरा दुपारी डबा घेऊन आला. मी पुन्हा सगळं सांगितलं. तो माझ्याकडेच बघत म्हणाला, "फोनवर मी हिला काय काय बोललो." मग खाली वाकून तिच्या पायांवरची चादर नीट करू लागला. तिने पाय ओढून घेतला. उजवा. डावा तिला हलवता येत नव्हता.

त्या पायात पुढेही ताकद आली नाही. मी लेखी कबुली दिली आणि ऑपरेशन थिएटर सोडून बाह्यरुग्ण विभागात आले. मध्यंतरी त्या काठी टेकत तपासणीला आल्या. मी खुर्ची पुढे केली. नंबर येईपर्यंत त्या उभ्याच राहिल्या.