मोहफुलं वेचणाऱ्या बायका

मी चंद्रपूरला चित्रकला शिकवतो. मागच्या वर्षी गडचिरोलीकडच्या माझ्या गावाची चित्रं पुण्याच्या प्रदर्शनात मांडली होती. त्यातल्या एका चित्रात आई आणि शेजारच्या बायका जंगलात मोहफुलं वेचताहेत आणि साऱ्यांची तोंडं उघडी आहेत.

एक बाई त्यापुढे बराच वेळ थांबल्या. "गाणं म्हणतायत का या?"

"नाही. वाघानं ऐकावं आणि लांब जावं, म्हणून मोठमोठ्यानं बोलताहेत."

त्यांना ते रुचलं नाही. जंगल शांत असतं, तुमची संस्कृतीच मुळी शांत, असं त्या मलाच समजावू लागल्या. ही तोंडं मिटवून दिलीत तर चित्र घेते, म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं आणि गावची बोली तोंडात आली.

"मिटवतो बाई. पण मंग माही माय घरी येईन का?"