सहवास नावाचं पत्रक

आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील हुबळीत हमाली करायचे आणि सुट्टीच्या दिवशी संघटनेची पत्रकं वाटायचे. मी अक्षरं त्यांवरच शिकले, त्यामुळं ‘एकजूट’ हा शब्द मला ‘आंबा’च्या आधी वाचता आला. माणसं एकत्र येत नाहीत असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं तापतं. येत नाहीत, कारण त्यांना वेगळं ठेवण्यात कुणाचा तरी फायदा असतो.

जेवणाचे डबे पोचवणाऱ्या सहकारी संस्थेत मला कामाला घेतलं तेव्हा मात्र असा फायदा होणारा कुणी सापडेना. उणकल भागात बायका ज्वारीच्या भाकरी थापायच्या. त्यांची प्रमुख पन्नाशीची अक्का. केलगेरीला भाज्या शिजायच्या, तिथं अण्णा. टेम्पो मळमड्डीतून निघायचा. डबे पोचवणाऱ्यांचे प्रमुख होते अप्पा, पूर्वीचे रिक्षावाले. तिघंही सरळ, कष्टाळू. पण एकमेकांशी बोलत नसत. सगळे निरोप माझ्यामार्फत जायचे. अशात एका हॉस्टेलनं कळवलं की भाकऱ्या ओलसर येतात, महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर डबे बंद. तेवढं हॉस्टेल गेलं असतं तर संस्थाच मोडली असती. ‘आपापलं वेगळं करू’ अशी भाषा तिघांकडंही सुरू झाली होती.

आई-वडील तोवर भावाकडं बेळगावला राहायला गेले होते. मळमड्डीत एका निवृत्त मास्तरांच्या मागच्या खोलीत मी एकटी राहायचे. दिवसभर तीन माणसांचं बोलणं माझ्यातून जायचं, त्यातलं एकही मला उद्देशून नसायचं. फोन ठेवला की खोली एकदम रिकामी वाटायची. मग मी पुन्हा कुणाला तरी फोन लावायचे. निरोप नसला तरी.

शेवटी मला जे येत होतं तेच मी केलं. पत्रक काढलं. कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरांत शीर्षक: सहवास. खाली बैठकीची वेळ.

शनिवारी मास्तरांच्या पडवीत मी चटया अंथरल्या. तिघं आली, तीन कोपऱ्यांत बसली. अप्पांनी पत्रक डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

“‘सहवास. सर्वांनी चार वाजता यावे.’ म्हणजे काय बाई, चार वाजता काडीमोड?”

अक्का फस्सकन हसली. “माझ्या नवऱ्याला वीस वर्षं हेच सांगतीय मी. पण छापून नाही दिलं कधी!”

“मला चार प्रती दे ग,” अण्णा म्हणाला. “सासऱ्याच्या दारावर चिकटवतो.”

मग माझ्या ध्यानात आलं. मराठीत सहवास म्हणजे गोड सोबत. आमच्या गल्लीतल्या कन्नडमध्ये हा शब्द बहुतेक भांडणातच निघतो: ‘निन्न सहवास साक’, म्हणजे पुरे झाली तुझी संगत. लहानपणापासून मी स्वतः शंभरदा असं भांडले असेन. पण पत्रक लिहिताना कान घरच्या मराठीचे होते.

मला रडू येईल इतका राग आला होता. तिघं मात्र एकमेकांकडं बघून हसत होती, आणि हसता हसताच अक्का अप्पांकडं वळली.

“हसताय काय? माझ्या टोपल्यांवर प्लास्टिक कोण टाकतं?”

“धूळ बसती, अक्का. रस्ता बघितलायस?”

“गरम भाकरीला घाम सुटतो. फडकं टाका. नाहीतर गार तरी होऊ द्या. तुम्ही दारात हॉर्न मारत उभे!”

“मग काय करू? हिचा फोन येतो, अण्णाची भाजी झाली, लवकर निघा.”

अण्णानं मान वर केली. “झाली एवढंच मी सांगतो. लवकर कुणी म्हटलं?”

तिघांनी माझ्याकडं पाहिलं.

‘लवकर’ माझं होतं. आमच्या पत्रकांत प्रत्येक मागणीपुढं ‘त्वरित’ असायचं. तशीच मी प्रत्येक निरोपाला घाई जोडत आले होते, रोज सकाळी, कुणी न सांगता. मी काहीतरी बोलू लागले. अक्कानं माझ्याकडं न बघता हात वर करून मला थांबवलं. “अप्पा, सोमवारी अर्धा तास आधी या. बसा, बघा भाकरी कशी गार करतात.”

सोमवारी अप्पा उणकलला जाऊन बसले. टोपल्यांवर फडकी आली. टेम्पो मळमड्डीतून निघाल्यावरच अण्णा भाजी चुलीवरनं उतरवू लागला, आणि तसं अक्काला स्वतःच फोन करून सांगू लागला. महिनाअखेरीला हॉस्टेलनं डबे चालू ठेवले. हे मला अप्पांकडून दोन दिवसांनी कळलं, तेही रस्त्यात भेटले म्हणून.

माणसं एकत्र आली की त्यांना बोलावणाऱ्यानं कुठं जायचं, हे मी वाचलेल्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

त्यानंतरच्या शनिवारी चारला पुन्हा बैठक ठेवली होती. मी चटया अंथरून बसले. साडेचार झाले तेव्हा अक्काला फोन लावला.

“अय्यो, तुला सांगायचंच राहिलं बघ. बैठकीत बोलायचं ते सकाळीच ठरलं आमचं, टेम्पोपाशी.” मागून अण्णाचा आवाज येत होता, भांडी आपटत होती. “जेवलीस का तू?”

“जेवले,” मी म्हणाले.

“बरं मग,” ती म्हणाली आणि कुणाला तरी हाक मारत तिनं फोन ठेवला. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.